पंचवीस मुलं वगळून

मोहपाड्याचं पाळणाघर बंद पडलं ते एका देखण्या चित्रापायी, आणि ते चित्र चंद्रिकानं काढलेलं होतं. हे तिनं पुढे कुणापासून लपवलं नाही. पण लपवलं नाही म्हणून सल कमी होतो, असं थोडंच असतं?

चंद्रिका आशागडची. डहाणूच्या कॉलेजात बी.ए. झाली, संगणकाचा कोर्स केला आणि २०१४च्या पावसाळ्यात गावातच एका संस्थेत कामाला लागली. संस्थेचं ऑफिस चिकूच्या वखारीच्या माडीवर. तलासरी तालुक्यातल्या सहा पाड्यांवर पाच वर्षांखालच्या मुलांचं खाणंपिणं बघायचं, हे संस्थेचं काम. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाड्यापाड्यावर मुलांची वजनं व्हायची. संस्थेच्या तिथल्या ताया ती वहीत लिहायच्या, वह्या आशागडला यायच्या आणि चंद्रिका ती एक्सेलमध्ये भरायची. भरून झालं की तक्ते, आणि तक्त्यांवरून आलेख. खालून पिकल्या चिकूचा गोड, जरासा आंबूस वास जिन्यानं वर चढायचा आणि वर ही आकड्यांना रंग देत बसायची.

तिचे पहिले आलेख म्हणजे जत्रेतल्या मिठाईचं दुकान. निळे, तांबडे, पोपटी जाडजूड खांब, प्रत्येकाला मागे सावली. मोहपाड्याच्या नवशीताईनं ते पहिल्यांदा पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"हे काय गो बाय? चिकूचे खोके थप्पीला लावलेस काय?"

"ताई, हा तुमचा पाडा. वजन कमी असलेली पोरं किती, ते हा खांब सांगतो."

"मग एवढा जाडा कशाला? पोरं बारीक नि खांब जाडा! पोरांचं खातो का काय हा?"

नवशीताई अशीच. सातवीपर्यंत शिकलेली, चाळिशीला टेकलेली, जिभेनं तिखट. मोहपाड्यातलं प्रत्येक पोर तिनं कधी ना कधी काट्याच्या झोळीत घातलेलं, त्यामुळे कागदावरच्या आकड्याला ती थेट नावानं ओळखायची. "आठ किलो दोनशे? हा बारक्या. मागच्या महिन्यात आठ चारशे होता, जुलाब लागले होते त्याला." प्रत्येक आलेखाशी ती भांडायची, आणि चंद्रिकाला त्या भांडणाची अशी काही गोडी लागली होती, की आलेख झाला की तिला पहिली आठवण यायची ती नवशीताईचीच.

मोहपाडा उधव्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. उतारावर नागली, खालच्या तुकड्यांत भात. भात झोडून झालं, दिवाळीचे दिवे विझले, की पाड्यात मुकादमाचा ट्रक यायचा आणि अर्धा पाडा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघायचा. मागे राहायची ती बरी जमीन असलेली घरं, आणि म्हातारी माणसं. जाणारे आपली कच्चीबच्ची सोबत न्यायचे ते थेट मिरगाच्या तोंडावर आणायचे. त्या सहा-सात महिन्यांत वजनाच्या दिवशी त्या पोरांच्या नावापुढे लिहायचं तरी काय? नवशीताईनं तिचा तोडगा काढला होता. ती तिथे 'भ' लिहायची. भट्टीचा भ.

"जागा रिकामी सोडली तर काय कळंल? पोर मेलं का हरवलं का मीच लिहायला विसरले?" ती म्हणायची. "पोर जितं हाय. भट्टीवर हाय. मग तसं लिहायचं."

हळूहळू बाकीच्या पाच पाड्यांच्या तायांनीही तो 'भ' उचलला. चंद्रिका तो जसाच्या तसा एक्सेलमध्ये उतरवायची, महिन्याचे सगळे 'भ' मोजायची आणि आलेखाखाली एक ओळ टंकायची, या महिन्यात अमुक पाड्याची इतकी मुलं भट्टीवर. ओळ लांबलचक, आलेखाच्या पायात लुडबुडणारी. दिसायला वाईट. पण असायची.

मोहपाड्यातलं संस्थेचं पाळणाघर चालवायची बुधीबाई. साठीची, कृश, पण हात ढेकळासारखे टणक. मजुरीला जाणाऱ्या बाया सकाळी लेकरं तिच्या ओट्यावर सोडायच्या, संध्याकाळी उचलायच्या. मधल्या वेळात नागलीची आंबील, उकडलेलं अंडं, दुपारी खिचडी. बुधीबाईचा लेक नि सून सुकी दर साल भट्टीवर जायचे. धाकटा बारक्या त्यांच्यासोबत जायचा, पण थोरली शुक्री आजीपाशी राहायची. सकाळी शाळा, दुपारी आजीच्या पंगतीत शेवटची वाटी तिची. पाळणाघर होतं म्हणून म्हातारीचं पाड्यात भागायचं, म्हातारी होती म्हणून शुक्रीची शाळा होती. चार कड्यांची ही साखळी तेव्हा चंद्रिकाच्या नजरेला कधी पडली नाही. तिच्या तक्त्यात शुक्री नव्हतीच, ती पाच वर्षांच्या वर होती.

फळीवर वाट्या मांडताना बुधीबाई गुणगुणायची,

पंगतीला माझ्या, पाखरं आली गेली
गेल्याची गं वाटी, मी पालथी नाही केली.

आणि खरंच, भट्टीवर गेलेल्या पोरांच्या वाट्याही ती रोज पुसून उताण्याच ठेवायची.

२०१७च्या श्रावणात उमेश मुंबईहून पाच दिवसांचं शिबिर करून आला. उमेश तलासरीचाच, पुण्याला शिकून परतलेला, संस्थेची सगळी कामं तो जुळवायचा. आल्या आल्या त्यानं चंद्रिकासमोर लॅपटॉप उघडला.

"चंद्रिका, तुझं एक्सेल आता पेन्शनीत काढायचं. ही बघ संगणकाची नवी भाषा. आर."

"आर? एवढंच? बाकीची अक्षरं बारशाला विसरले काय?"

"हस, हस. एक्सेलमध्ये तू उंदीर फिरवून चित्र काढतेस. इथे चित्र सांगायचं. काय हवं ते लिहायचं, ती काढून देते. पुढच्या महिन्यात नवे आकडे घातले की तेच सांगणं पुन्हा चालतं. सहा पाड्यांना तुला दोन दिवस लागतात ना? दोन मिनिटं."

पहिले पंधरा दिवस ती रडकुंडीला आली. एक स्वल्पविराम चुकला की सगळं अडायचं. एक कंस उघडा राहिला की ती भाषा नुसती वाट बघत बसायची, हूं नाही की चूं नाही. उमेशनं दिलेल्या छापील पानांवर चंद्रिकानं पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिले. इंटरनेट पावसात जाई-येई, आलं की धडाधड पानं उतरवून ठेवायची. आणि मग एके दिवशी ते जमलं. आधी कोरी पाटी मागायची. मग तिच्यावर अधिकचं चिन्ह घालून ठिपके. पुन्हा अधिक, मग रेघ. पुन्हा अधिक, मग रंग. ओवीला कडवं जोडावं तसं एकेक जोडत जायचं, आणि शेवटच्या ओळीला बोट टेकलं की सगळं एकदम उमटायचं. चंद्रिकाच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण खांब रचत होतो, हिनं गाणं दिलं, असं तिला वाटलं.

पण तिची स्वतःची फाईल तिनं त्या भाषेला दिली, तेव्हा भलतंच उमटलं. वजनाच्या रेषेवर दहा किलो आधी आणि नऊ किलो नंतर.

उमेशनं वाकून बघितलं. "ती वजनांना शब्द समजतेय. शब्दांत एकचा आकडा नवाच्या आधी येणारच. रकान्यात कुठेतरी अक्षर घुसलंय. एक जरी असलं, तरी सगळा रकाना शब्दांचा धरते ती."

"अक्षर आहे ना. भ आहे."

"कसला भ?"

तिनं सांगितलं. उमेश हसला. "ते ताईंच्या वहीत असू दे. इथे काढून टाक, रिकामं ठेव. रिकाम्या जागेचं हिला बरोबर कळतं."

चंद्रिकाच्या मनात आलं, की शेजारी नवा रकाना करावा, पोर कुठे आहे असं त्याला नाव द्यावं आणि सगळे 'भ' आधी तिकडे हलवावे. अर्ध्या दिवसाचं काम. पण समोर ते नवं गाणं अर्धवट थांबलेलं, बोटं शिवशिवत होती. नंतर करू, असं ती म्हणाली. शोधा आणि बदला ही आज्ञा दिली, शोधायला 'भ' आणि बदलायला काहीच नाही. एक्सेलनं क्षणात कळवलं, दोन हजार सहाशे चौदा ठिकाणी बदल केला. तीन हिवाळ्यांची भट्टी एका टिचकीत पुसली गेली. तिनं पुन्हा तीच ओळ चालवली आणि आलेख असा सुरेख उमटला, की ते 'नंतर' मागेच राहिलं.

एक गोष्ट मात्र झाली होती. आलेख काढताना दर वेळी ती भाषा खाली लाल अक्षरांत काहीतरी पुटपुटायची. चंद्रिकानं शब्दकोश धरून त्याचा अर्थ लावला होता. 'एकशे सेहेचाळीस ओळींत आकडा नाही, त्या वगळल्या.'

"हे लाल काय येतं दर वेळी?"

"ती चूक नव्हे, नुसती सूचना," उमेश म्हणाला. "घाबरायचं नाही. नकोशी वाटली तर गप्प करता येते."

ती कशी गप्प करायची, ते चंद्रिकानं स्वतः शोधून काढलं. आपल्या आज्ञांच्या माथ्यावर एक छोटीशी ओळ घातली आणि ती भाषा पुन्हा कधी पुटपुटली नाही. आलेखाखालची जुनी लांबलचक ओळही गेली. नव्या आलेखावर तसलं काही लटकवणं तिच्या जिवावर आलं. धुतल्या अंगणात कुणी चप्पल सोडावी तसं ते दिसलं असतं.

ते साल आलेखांनी गाजलं. सहा पाड्यांच्या सहा चौकटी, फिक्या करड्या जमिनीवर एकेक निळी रेघ, वयाच्या मानानं वजन कमी असलेली मुलं शेकडा किती ते सांगणारी. आणि सहांत देखणी मोहपाड्याची. ऑक्टोबरात चाळीस. मग डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, डोंगरावरून वाट उतरावी तशी उतरत उतरत वीस. चंद्रिका ती रेघ उघडून नुसती बघत बसायची. बुधीबाईच्या आंबिलीचं हे फळ, असं तिला मनापासून वाटायचं. तिला कुणी फसवलं नाही, तिनंही कुणाला फसवायचं मनात आणलं नाही. तेच तर.

२०१८च्या एप्रिलात आशागडच्या ऑफिसात वर्षाची बैठक झाली. मुंबईहून शितल मॅडम आल्या होत्या. पाळणाघरं कुठे चालवायची, किती चालवायची, ते त्या ठरवत. बाई भली, आवाज न चढवणारी, ताया भाकरी आणतील तर त्यांच्यात बसून खाणारी. सहाही ताया सतरंजीवर बसल्या होत्या. पांढऱ्या भिंतीवर चंद्रिकाचा आलेख पडला.

"चंद्रिका, हे तू केलंस?" मॅडम उठून भिंतीजवळ गेल्या. त्यांच्या साडीवर मोहपाड्याची निळी रेघ पडली. "पहिल्यांदा मला एका नजरेत काम दिसतंय. हे अहवालाच्या मुखपृष्ठावर घेऊ या."

चंद्रिकाचे कान तापले. उमेशनं तिला कोपरानं ढोसलं.

मग मॅडम खाली बसल्या आणि मुद्द्याला आल्या. डोंगरापलीकडे डहाणूच्या अंगाला एका पाड्यावर मुलांचे फार हाल होते. पाळणाघरं सहाच चालवता येणार होती, सातवं शक्य नव्हतं. तेव्हा एक इकडून उचलून तिकडे न्यायला हवं.

"मोहपाडा सावरलाय," त्या म्हणाल्या. "चाळीसवरून वीस. तिथलं हलवलं तर चालेल, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

नवशीताई बसल्या जागी अस्वस्थ झाली. मग उठून उभी राहिली.

"मॅडम, आमची पोरं आता पाड्यात हायत कुठं? अर्धी भट्टीवर गेली. ती येतील तवा बघा ना. आत्ता काय बघताय?"

शितल मॅडमनी तिचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि चंद्रिकाकडे वळल्या. "हा मुद्दा बरोबर आहे. जी मुलं गावात नाहीत, त्यांचा विचार यात झालाय ना?"

"हो, मॅडम," चंद्रिका म्हणाली. "रिकाम्या जागा ती भाषा आपणच सांभाळून घेते."

किती सरळ म्हणाली. एका श्वासात. खोटं बोलली असती तर जीभ जरा तरी अडखळली असती, आणि ते अडखळणं कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पण तिला तसंच वाटत होतं.

नवशीताईनं तिच्याकडे पाहिलं. मग ती पदर सावरून खाली बसली.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला टेम्पो आला. पातेली, झारे, पाण्याचं पिंप, सगळं गेलं, मागे राहिला तो फक्त झोळीचा काटा. वाट्या गोणीत भरल्या, त्यांचा खणखणाट उतारावरून बराच वेळ ऐकू येत राहिला. बुधीबाई ओट्यावर बसून होती. टेम्पोवाल्यानं तिला विचारलं, "आजी, काही राहिलं का?" ती म्हणाली, "माझ्या बापाचं काय होतं त्यात, राहायला?"

जूनमध्ये भट्टीवरची माणसं परतली. जुलैत सगळ्यांची वजनं झाली. चंद्रिकानं आकडे घातले, बोट टेकवलं आणि मोहपाड्याची रेघ विसावरून भिंतीसारखी ताठ उभी राहिली. पंचेचाळीस.

"काटा बिघडला असेल," उमेश म्हणाला.

"काटा तोच आहे, उमेशदादा."

"मग आकडा टाकताना चुकलीस. दोन महिन्यांत पाडा असा कोसळत नाही."

तिनं वह्या काढल्या. ऑक्टोबर आणि जानेवारी शेजारी शेजारी उघडल्या, आणि नवशीताईच्या गोल अक्षरातले 'भ' एकाखाली एक तिच्याकडे बघायला लागले. तिनं आज्ञांच्या माथ्यावरची ती गप्प करणारी ओळ खोडली. भाषा लगेच बोलली. तीच लाल अक्षरं, तेच वाक्य. इतके महिने ती हेच सांगू बघत होती.

मग चंद्रिकानं वखारीच्या पावतीमागे हातानंच हिशेब मांडला. ऑक्टोबरात मोहपाड्याची मुलं साठ. वजन कमी असलेली चोवीस. म्हणजे चाळीस टक्के, बरोबर. दिवाळीनंतर भट्टीवर गेली पंचवीस. त्यांत कमी वजनाची सतरा. मागे राहिली पस्तीस, त्यांत कमी वजनाची सात. पस्तिसात सात म्हणजे वीस टक्के. हेही बरोबर. एकही आकडा खोटा नव्हता. जानेवारीतली ती सात ऑक्टोबरातलीच सात होती, नावानिशी. पाड्यातलं एक पोर सुधारलं नव्हतं. नुसती बारीक पोरं ट्रकात बसून निघून गेली होती, आणि ती गेली म्हणून रेघ खाली आली होती.

उमेशनं पावती दोनदा वाचली. मग खुर्चीत मागे रेलला.

"चूक माझी," तो म्हणाला. "रिकामं ठेव, असं मीच तुला म्हटलं."

"तुम्हाला भ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

मुंबईला पत्र त्याच दिवशी गेलं. दोन दिवसांनी शितल मॅडमचा फोन आला, थेट चंद्रिकाला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं चंद्रिकाला वाटत राहिलं. "तू स्वतः शोधून सांगितलंस, ही मोठी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "पण चंद्रिका, तिकडचं पाळणाघर सुरू झालंय. तीस मुलं जेवतायत. त्यांना आता पंगतीतून कसं उठवू मी? पुढच्या एप्रिलात मोहपाडा सगळ्यात आधी. शब्द देते."

एप्रिल. मध्ये आख्खा हिवाळा होता.

त्या पावसात तिनं तो अर्ध्या दिवसाचा रकाना केला. वह्या पुन्हा उघडून एकेक 'भ' परत भरला आणि त्याला तीन आठवडे लागले. मग त्याच भाषेत नवा आलेख सांगितला. पाड्याची एक रेघ नाही, प्रत्येक मुलाची आपली वेगळी. पोर पाड्यात आहे तोवर रेघ, ट्रकात बसलं की तुटली, जूनमध्ये परत आलं की पुन्हा सुरू, आणि बहुतेक वेळा तुटली होती त्या जागेच्या खालून. साठ रेघा, त्यांतल्या पंचवीस मधोमध तुटलेल्या. भाषेनं काही कुरकुर केली नाही. तिला पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर तिनं पहिल्या दिवशीच काढून दिला असता. भाषेचा दोष काहीच नव्हता.

तो कागद घेऊन ती एसटीनं तलासरीला, तिथून जीपनं उधव्याला आणि पुढे चालत मोहपाड्याला गेली. लावणी उरकली होती. नवशीताई पडवीत सुपात नागली पाखडत होती.

"बस. पाणी देऊ?"

"ताई, एप्रिलच्या बैठकीत तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. माझं चुकलं." आणि तिनं सगळं सांगितलं. खोडलेला 'भ', गप्प केलेली सूचना, सतरा आणि सात. काही राखून ठेवलं नाही.

नवशीताईचं सूप थांबलं नाही. कोंडा उडत राहिला.

"मला म्हायीत होतं गो."

"मग तुम्ही बसलात का खाली? माझ्याशी भांडला का नाहीत?"

"तू हो म्हणालीस ना." नवशीताईनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "मला वाटलं, एवढं नवीन शिकलेली पोर, भिंतीवर चित्र नाचवते, ती हो म्हणते, म्हंजे धरलं असंल कायतरी. माझ्याच डोळ्यांना कळत नसंल. घरी आले नि पुन्हा वही मोजली. म्हटलं, आपण कुठं चुकलो?"

पाळणाघर गेलं, हा घाव चंद्रिकानं मनात मोजून ठेवला होता. पण आपल्या एका 'हो'नं या बाईला तिच्याच वहीवर शंका घ्यायला लावली, हे तिच्या कुठल्या हिशेबात नव्हतं.

तिनं नवा आलेख पुढे केला. नवशीताईनं तो हातात धरला, थोडा लांब नेला, थोडा जवळ.

"यात काय चुकलंय का, ताई? बघा ना."

"नाय. चांगला हाय." तिनं कागद होता तसा परत दिला. "तू केलास म्हंजे बरोबरच असंल."

दिवाळी झाली. ट्रक आला तेव्हा चंद्रिका मोहपाड्यातच होती. जाणाऱ्या मुलांची शेवटची वजनं निघायच्या आधी घ्यायची, असं तिनं आणि उमेशनं ठरवलं होतं. उन्हं कलली होती. ट्रकात तांदळाची पोती, चुली, ताडपत्र्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. सुकीनं बारक्याला झोळीत बसवलं, वजन झाल्यावर उचललं आणि फळीवर पाय देऊन चढली. तिच्यामागून बुधीबाई चढली, गाठोडं घेऊन.

"आजी, तुम्ही?"

"इथं राहून काय करू? चूल कुणासाठी पेटवू?" बुधीबाई म्हणाली. "तिकडं कोपऱ्यात बसून पोरं राखीन. एक भाकर मिळंल."

घराला कुलूप लागलं होतं. शेवटी शुक्री आली. दप्तर पाठीला, हातात चपला. चौथीत होती. फळीपाशी येऊन तिनं चंद्रिकाकडे पाहिलं, कारण तिथल्या सगळ्यांत कागदपेन असलेली तीच एक होती.

"ताई, शाळेतनं माझं नाव काढतील?"

'नाही गं' हे शब्द चंद्रिकाच्या ओठांवर आले होते. मोठी माणसं लहानांना म्हणतात तसे, सहज, एका श्वासात. तिनं ते गिळले.

"मला माहीत नाही, शुक्री," ती म्हणाली. "थांब, गुरुजींना विचारून येते. शाळेपाशीच असतील."

"मुकादम थांबत नाय कुणासाठी," शुक्री म्हणाली. तिनं आधी चपला आत टाकल्या, मग दप्तर, मग आजीच्या हाताला धरून स्वतः वर चढली.

चंद्रिका तरीही शाळेकडे धावली. गुरुजी ओसरीवरच होते. शुक्री तिकडच्या शाळेत हजर राहिली तर नाव राहील, एक कागद लिहून देतो, तो तिथे दाखवायला सांगा, असं ते म्हणाले आणि तिथल्या तिथे लिहूनही दिलं. कागद घेऊन ती उतारानं पळत आली तेव्हा ट्रक पाड्याबाहेर पडला होता. उधव्याच्या वळणापर्यंत ती मागे पळाली. ट्रक दिसत होता, मागच्या फळीवर बसलेली पोरं दिसत होती. त्यांत शुक्री कुठली, हे एवढ्या लांबून तिला ओळखू येईना.